पावाची आठवण आली तर

सोलापूर
रविवार, दुपार

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की धान्य सोडल्यापासून भात-पोळीवाचून काही अडत नाही, पण संध्याकाळी ऑफिसातून खाली उतरलं की कोपऱ्यावरच्या बेकरीचा वास येतो आणि मग पावाशिवाय दुसरं काही सुचत नाही. ‘आई, तुला साखर निघाली तेव्हा तू कसं निभावलंस?’ एवढं विचारलंस आणि तुझी मीटिंग सुरू झाली. फोनवर सांगून होण्यासारखं हे नाहीच. तुझे बाबा आत घोरतायत, बाहेर ऊन मी म्हणतंय, तेव्हा लिहूनच टाकते.

माझ्या वेळी डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण आधी बदललं आणि मगच सगळी धान्यं बंद करायला सांगितली. मधुमेहाची औषधं चालू असताना जेवणातला पिठूळपणा एकदम काढला तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते. तुला मधुमेह नाही, तुझी सोय वेगळी. पण तुझ्या त्या मैत्रिणीची आई तुझं बघून तसंच करायला निघाली आहे म्हणालीस ना, तिला हे जरूर सांग.

तुझं डोकं दुखतंय, जिना चढताना पायातलं त्राण जातं म्हणालीस, ते पहिल्या दिवसांत होतंच. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत धरून ठेवतं, आणि त्या साठ्यासोबत त्याच्या तिपटीएवढं पाणीही. धान्य थांबलं की साठा उतरतो, पाणी जातं आणि पाण्याबरोबर मीठही जातं. काटा भराभर खाली आला तो त्यामुळे. ती चरबी नव्हे, तेव्हा इतक्यात नवीन ड्रेस शिवायला टाकू नकोस. दुपारी जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक मोठा पेला भरून पीत जा. आणि पालेभाजी वाटीभर नको, ताटभर खा. भाकरीतला कोंडा गेला की पोट साफ होत नाही, हे कुणी आधी सांगत नाही.

आता पाव.

मी बरेच दिवस समजत होते की मला भूक लागते. पण पोट भरलेलं असतानाही बेकरीसमोर पाय रेंगाळायचे. मग एकदा घरी शेंगा भाजत होते, चटणीसाठी. मंद आचेवर, लोखंडी कढईत, सालावर काळे ठिपके येईपर्यंत. तो वास घरभर झाला आणि पावाची आठवण कुठल्या कुठे गेली. नंतर लक्षात आलं की त्यात नवल काही नाही. पावाच्या वरच्या पापुद्र्याला भट्टीत तांबूस रंग चढतो, तव्यावरच्या भाकरीला डाग पडतात, शेंगदाणा खरपूस होतो, या सगळ्यांत तापलेली साखर आणि प्रथिनं एकत्र येऊन तोच खमंगपणा तयार होतो. आपल्याला ओढ असते ती बरीचशी त्या भाजल्या वासाची. मैदा निमित्ताला.

म्हणून माझा पहिला उपाय हाच: संध्याकाळच्या त्या वेळेआधी मूठभर शेंगदाणे भाज. विकतचे खारे नकोत, स्वतः भाज, म्हणजे वास घरात राहील. ऑफिसात असशील तर डब्यात ने. शेंगदाणा धान्य नव्हेच, तो डाळीच्या कुळातला. शंभर ग्रॅममध्ये चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, आणि स्निग्ध भरपूर, त्यामुळे तो पोटात टिकतो. मैद्याचं उलट. तो लगेच पचतो, साखर चढते, तिला उतरवायला इन्सुलिन धावतं आणि तासा-दोन तासांत तू पुन्हा काहीतरी शोधत फिरतेस. पावानं पावाची भूक भागत नाही, ती वाढते.

चटणी पाठवतेय. यंदा उखळातच कुटली आहे. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो. कुटताना लसूण, तिखट, मीठ, जिरं सगळं शेंगदाण्यात दबून तेल सुटायला लागतं, कडेला गोळा धरतो, आणि तेव्हा थांबायचं असतं. तुझी आजी बोटानं दाबून बघायची, बोटाला तेल लागलं की पुरे. घट्ट दह्यात कालवून काकडीच्या जाड कापांवर घेऊन खा. कुरकुर दाताला मिळाली पाहिजे. कडक भाकरीवर वाढलेलं पोर तू, तुझ्या दाताला मऊ जेवण पुरणारच नाही.

दुसरी अडचण मला जास्त जड गेली, ती म्हणजे हाताची. चमच्यानं पिठलं खायचं! आपला हात तुकडा मोडायला आणि कालवण उचलायला शिकलेला. चमच्यानं खाल्लं की जेवल्यासारखं वाटत नाही, आणि मग जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं आपण डबे उघडत सुटतो. यावर आपल्या समोरच्या पद्मशाली वहिनींनी मला वाट दाखवली. त्यांच्याकडे पेसरट्टू होतो, अख्ख्या हिरव्या मुगाचा डोसा. मूग रात्रभर भिजवायचे, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायचे, आंबवायची गरज नाही. काहीजण त्यात तांदूळ घालतात, तू घालू नकोस. तव्यावर पातळ पसरव आणि कड सुटेपर्यंत हात लावू नकोस. तुकडा मोडता येतो, वांग्याचं भरीत उचलता येतं. तुझ्या बेंगळुरूत तर हे करायला कुणाची लाज नाही, शेजारीपाजारी सगळे डोसेच घालतात.

दुसरं म्हणजे पाटवडी. पिठलं पातळ न ठेवता घट्ट शिजवायचं, ताटाला तेल लावून थापायचं, वरून खोबरं-कोथिंबीर, गार झालं की वड्या पाडायच्या. झणझणीत रश्शात सोडून खा. रविवारी मटण केलंस तर प्रश्नच नाही, पण तेव्हाही ताटात हातानं धरायला काहीतरी असू दे.

आता तुझ्या त्या बदामाच्या पिठाच्या ब्रेडबद्दल. फोटो पाठवला होतास, साडेतीनशे रुपयांची छोटी लादी. खरं सांगू? माझं मत वाईट आहे. बदाम चांगलेच, ते नुसते खा. पण पावासारखं दिसणारं, पावासारखं कापायचं आणि पावासारखं न लागणारं काही रोज समोर ठेवलं, की खऱ्या पावाची आठवण रोज ताजी होते. मन म्हणतं, हे नाही, ते हवं. मी सुरुवातीला फ्लॉवर किसून त्याचा भात करून बघितला. तुझ्या बाबांनी एक घास घेतला आणि ‘फ्लॉवरची भाजी चांगली झालीय’ म्हणाले. त्यानंतर मी फ्लॉवरची भाजीच केली. नक्कल जितकी लवकर सोडशील तितकी ती ओढ लवकर ढिली पडेल.

उपासाच्या पदार्थांपासून सांभाळ. साबुदाणा धान्य नाही हे खरं, तो कंदाचा निव्वळ पिष्टमय गर. मधुमेहाच्या माणसाला तर तो भातापेक्षा बरा नाही. वरईची गंमत अशी की आपण एकादशीला धान्य चालत नाही म्हणून भगर खातो, आणि वरई हे तर सरळसरळ तृणधान्य, गवताच्या जातीचं बी. पांडुरंगाला चालतं, ग्लुकोमीटरला चालत नाही. राजगिरा गवतापैकी नाही, पण त्याच्या लाह्यांच्या वडीनं माझी साखर चांगलीच चढली होती, त्यामुळे मी तिला हात लावत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. तू म्हणालीस, ‘गहू काय आणि ज्वारी काय, सगळं विषच.’ असं बोलू नये. ज्या ग्लूटेनचा तू एवढा धसका घेतलास ते चिकट प्रथिन गव्हात असतं, बार्लीत असतं. ज्वारीत ते नसतंच. आणि सीलिअ‍ॅकचा आजार, म्हणजे ग्लूटेन आतड्याला न सोसणं, नसेल तर गव्हालाही विष म्हणायचं कारण नाही, फार तर मला जमत नाही म्हण. मैद्याच्या पावात आणि कोंड्यासकट दळलेल्या ज्वारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या आजोळची मंगळवेढ्याची ज्वारी, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ज्वारीचं एम ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडलं गेलं, ते अजून शेतकरी पेरतात. काळ्या रानात, परतीच्या पावसाच्या ओलीवर, थंडीत दव पिऊन येतं ते पीक. दुष्काळी मुलखानं त्यावर पिढ्या काढल्या. मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं फोडून भुकेल्यांना वाटलं ते धान्यच होतं, लेकी, बदामाचं पीठ नव्हे.

मी स्वतः आता काय खाते ते विचारशील. अहवाल सुधारल्यावर डॉक्टरांना विचारून दुपारी अर्धी भाकरी सुरू केली. आधी भाजी, मग डाळ, आणि भाकरी शेवटी. तासा-दोन तासांनी बोट टोचून बघते, ज्या दिवशी आकडा चढतो त्या दिवशी रात्री पाटवडी. पाव मात्र परत आणला नाही. घराजवळच्या बेकरीसमोरून रोज जाते, वास अजून येतो, छान येतो. थांबावंसं वाटत नाही एवढंच. ते कधी झालं हे मला सांगता यायचं नाही.

तुझं कधी होईल तेही मी सांगणार नाही. मधेच एखाद्या दिवशी खाल्लास पाव, तर बसून, चवीनं, अमूल लावून खा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुगावर ये. ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ हा तुझ्या बाबांच्या घराण्याचा बाणा, त्यानं तुझ्या आत्यानं दर जानेवारीत डाएट सुरू करून दर फेब्रुवारीत सोडलं आहे. तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला येणार आहेस ना? अक्षता सोहळा भोगीच्या दिवशी असतो, तेव्हा आधी संमती कट्ट्यावर, जिथे तो सोहळा होतो, जाऊन यायचं आणि मग घरी तिळाची बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी. ‘जो न खाई भोगी तो सदा रोगी’ हे आजी तुला ऐकवणारच, तिला इन्सुलिन वगैरे समजावत बसू नकोस. खायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही. पाटवड्याही करून ठेवीन. फक्त आठ दिवस आधी कळव, म्हणजे बाजरी किती दळून आणायची ते मला ठरवता येईल.

चटणीचा डबा स्टीलचा आहे, परत आण.

तुझी,
आई