मरोळच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या गाळ्यातल्या ताईंना, बाबांच्या जबड्याबद्दल

नमस्कार ताई,

नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानणार.

आमचे बाबा लालबागचे, मिल कामगार. मिलमध्ये कापसाजवळ विडी ओढायची बंदी, म्हणून लूमवरच्या बहुतेकांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असायची, 82 च्या संपानंतर मिल गेली पण डबी काही गेली नाही. मग गालात आतून जखम, तोंड नीट उघडेना, बायोप्सी, आणि डॉक्टर म्हणाले खालच्या जबड्याचा उजवा भाग काढावा लागेल आणि तिथे पायाचं हाड बसवू. पायाचं हाड तोंडात! बाबा उठले ते सरळ घरी, नको म्हणजे नको.

डॉक्टरांनीच तुमच्याकडे पाठवलं. तोवर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टायटेनियमचा जबडा प्रिंट करून मिळतो असे व्हिडिओ फिरत होते आणि दादा तर कर्ज काढायच्या तयारीत होता. तुम्ही आमच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावलात आणि मग म्हणालात, टायटेनियमची पावडर वितळवून थरावर थर देत पेशंटच्या मापाची, हाड जागेवर धरून ठेवणारी प्लेट बनते हे खरंय, काही केसेसना तीच लागते, पण यांना बाजारात मिळते ती साधी प्लेट चालेल, फक्त ती आधीच वाकवून ठेवायला जबड्याचं मॉडेल हवं. खरं सांगू का, एवढं मोठं बिल समोर दिसत असताना ‘नको’ म्हणणारं माणूस या सगळ्या धावपळीत आम्हाला दुसरं भेटलं नाही.

सीटी स्कॅनचं पण तेच. आमच्या सीडीतल्या स्लाइस, म्हणजे स्कॅनमधले एकेक काप, जाड होत्या, त्यावरून मॉडेल केलं तर हाडाला पायऱ्या-पायऱ्या येतात म्हणालात. दुसरा कोणी असता तर परत स्कॅन करून आणा म्हणाला असता, तुम्ही सेंटरला फोन करून विचारलंत की मूळ डेटा अजून मशीनवर आहे का, आणि होता, त्यातनंच 1 मिमीच्या आतल्या स्लाइस काढून घेतल्या. दाढेतल्या चांदीमुळे स्कॅनमध्ये रेघारेघा उठल्या होत्या त्या एकेका स्लाइसवर हाताने पुसत बसलात, आणि उजवी बाजू गाठीने बिघडलेली म्हणून चांगली डावी बाजू कॉम्प्युटरवर उलटी करून तिकडे लावलीत.

पण बाबा तयार झाले ते वेगळ्याच कारणाने. प्रिंटर चालू होता, 0.2 मिमीचा एकेक थर पडत होता, आणि बाबांनी प्लास्टिकच्या धाग्याच्या रिळाकडे बघून पहिला प्रश्न काय विचारला तर “धागा तुटला तर मशीन थांबतं का?” आम्ही हसलो, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सेन्सर उघडून दाखवलात. मग लूमच्या गप्पा झाल्या, मग जबडा त्यांच्या हातात दिलात, मग नडगीच्या बाहेरच्या बाजूचं ते बारीक हाड, फिब्युला. वजन मुख्यतः शेजारचं जाड हाड घेतं, म्हणून गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा भाग ठेवून मधलं काढलं तरी माणूस चालतो, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं हो, पण हातात हाड धरून ऐकणं वेगळं. त्यावर बसणारं कटिंग गाइड, त्याच्या खाचेतून करवत जाते आणि ठरलेल्या कोनातच कापते, ते बाबांनी स्वतः चार वेळा काढून बसवून बघितलं. त्यांनी हाताळलं ते सॅम्पल, ऑपरेशनचं नायलॉनचं वेगळं, कारण मॉडेलचं साधं प्लास्टिक निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या 121 डिग्रीत वाकडं होईल, हेही त्यांनी विचारून घेतलं. घरी येताना टॅक्सीत म्हणाले, करून टाकू.

ऑपरेशन झालं. प्लेट आधीच वाकवून तयार होती त्यामुळे बाबा टेबलावर असताना ते करत बसावं लागलं नाही, तो वेळ हाडाच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडायला मिळाला, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांचे आभार आहेतच, हातातली कला त्यांचीच. आता मऊ भात, पेज चालू आहे, चालताना काठी लागते, बोलणं थोडं अडखळतं पण शिव्या स्पष्ट येतात. दातांचं पुढे बघू.

एक गंमत राहिली. आईच्या कानात बसणारं श्रवणयंत्र आहे ना, त्याचं कवचही बहुतेक प्रिंट केलेलंच असणार, कानाचा साचा स्कॅन करून आता बहुतेक तशीच बनतात, हे तुम्ही सहज बोलून गेलात. तेव्हापासून आई शेजारणींना सांगत सुटलीय की आमच्यात हे आधी मी वापरलं.

आणि हो, चाळीतल्या एका काकांना तुमचा नंबर दिलाय, त्यांच्या गुडघ्याचं काहीतरी आहे आणि मुलाने इंटरनेटवर बरंच काही बघून ठेवलंय. त्यांनाही गरज नसेल तर तसंच तोंडावर सांगा.

तुमची,
बाबांची मोठी मुलगी