काका, डब्याला चाकंच नव्हती

ती. काकांना सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत ना, दर शनिवारी कुठे गायब असतेस म्हणून, आणि मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये म्हटल्यावर काकू मागून ओरडल्या "अगं नोकरी सोडलीस की काय", तेवढ्यात फोन कट झाला आणि नीट सांगायचं राहिलंच. म्हणून हे सगळं टाइप करतेय, जरा लांबेल, काकूंनाही वाचून दाखवा. नोकरी आहे तशीच आहे, काळजी नको. हे फुकटचं काम.

झालं काय की इथे ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या जुन्या रेल्वे लाइनी लोकांनीच चालवायला घेतल्यात. पहिली वेल्समधली टॅलिलिन, १९५१ साली, मग १९६० ला ससेक्समधली ब्लूबेल, आणि तोट्यातल्या लाइनी बंद करा म्हणणाऱ्या १९६३ च्या सरकारी बीचिंग रिपोर्टनंतर तर इतक्या लाइनी बंद झाल्या की असल्या हौशी मंडळींना कामाला तोटाच राहिला नाही. लोक येतात ते वाफेचं इंजिन बघायला, फोटो पण इंजिनाचेच काढतात. पण इंजिनात बसून कोण जाणार? डबे लागतातच, आणि जुने डबे म्हणजे सगळं लाकूडकाम, म्हणून मी तिकडे वळले. तुमच्याकडे सुट्टीत फळीचं दुसरं टोक धरून उभी राहायचे ना, तेवढ्या अनुभवावर घेतलं मला!

आमच्याकडे सध्या जो डबा आहे तो १८८० च्या आसपासचा, थर्ड क्लास, पाच कप्पे, प्रत्येक कप्प्याला दोन्हीकडे आपलं आपलं दार, आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची सोय नाही. आणि काका, आणला तेव्हा डब्याला चाकंच नव्हती. रेल्वेला नकोसे झालेले डबे त्या काळी चाकं काढून नुसता वरचा सांगाडा विकून टाकायचे, कोणी त्यात कोंबड्या ठेवायचं, कोणी बागेतली अवजारं, आणि आमच्या डब्यात तर एक कुटुंब राहायचं. वरून पत्र्याचं छप्पर घातलेलं, आत वॉलपेपर, मधल्या दोन भिंती काढून हॉल केलेला, बाजूच्या फळ्या कापून मोठी खिडकी बसवलेली आणि छपरात शेगडीच्या धुरांड्याला भोक. म्हणून तर टिकला. रुळांवर राहिला असता तर कधीच भंगारात गेला असता. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा १८९२ चा ३५३ नंबरचा डबा पण असाच रुळांवरून उतरून जमिनीवर पडून होता, तो दुरुस्त करून २०१३ साली लंडनच्या भुयारी रेल्वेला १५० वर्षं झाली तेव्हा परत पळवला.

मग आता चाकं कुठून आणायची, तर दुसऱ्याच एका १९३० च्या सुमाराच्या पार्सल व्हॅनची लोखंडी चौकट घेतलीय आणि ती आपल्या डब्याच्या मापाला कापून घेतलीय. म्हणजे धड एकाचं, पाय दुसऱ्याचे. मला आधी हे फसवणूक वाटली, आता नाही वाटत. पण मूळची चाकं कसली असायची माहितीय? लाकडाची! मॅन्सेल चाक म्हणतात, मधे लोखंडी तुंबा, बाहेर लोखंडी धाव, आणि दोन्हीच्या मधे सागवानाच्या १६ पाकळ्या ठोकून बसवलेल्या. आवाज कमी होतो म्हणे. शेडच्या कोपऱ्यात एक जोडी ठेवलीय, मी पहिल्या दिवशी त्यावर हात फिरवत बसले होते, तुम्ही असतात तर तुम्हीही बसला असतात.

माझं काम खालच्या बाजूचं. दारांच्या मधले जे उभे खांब असतात त्यांची खालची टोकं कुजतात, खिडकी खाली सरकते ती दाराच्या पोटात, तिथून पाणी आत जातं आणि खाली साचतं. वर टणटणीत सागवान आणि खाली वीतभर नुसता भुसा. कुठवर कुजलंय ते बघायला आमच्यातले एक आजोबा आहेत, ८१ वर्षांचे, आधी दातांचे डॉक्टर होते, ते खिशातून दात तपासायची आकडी काढतात आणि दर अर्ध्या इंचावर टोचत वर जातात. जिथे आकडी रुतायची थांबते तिथे पेन्सिलीने रेघ. त्या रेघेच्या वर करवत लावायची नाही, हा नियम, जुनं जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं. मग जुनं टोक लांब तिरकं कापायचं आणि नवा तुकडा तसाच उलटा तिरका कापून चिकटवायचा.

तर मी काय केलं, नवा तुकडा सुलट्याच बाजूने तिरका कापला. दोन तास मापं घेऊन, गुण्या लावून, एकदम मस्त कापला, आणि लावून बघते तर दोन्ही उतार एकाच दिशेला!! चांगला दोन फूट सागवान. तुम्ही असतात तर मला कोणत्या शब्दांत झापलं असतं ते मनातल्या मनात ऐकू आलं. आजोबा काही बोलले नाहीत, तुकडा उचलला, मागे एक खोका आहे त्यात टाकला आणि म्हणाले याच्या पाचरी होतील. खोक्यात बघितलं तर निम्मा भरलेला. बरं वाटलं.

रंग काढायचं काम मात्र किचकट. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी मारून, मास्क लावून. एका दारावर मी अशी घासत गेले तर थर दिसायला लागले, पांढरा, हिरवा, परत पांढरा, मग तपकिरी, आणि सगळ्यात खाली सोनेरी ३ चा आकडा, पुसट, पण ३ च. थर्ड क्लास. इथे एक गंमत आहे, मिडलँड रेल्वेने १८७५ ला सेकंड क्लास बंद करून टाकला, हळूहळू बाकीच्यांनी पण तेच केलं, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं फर्स्ट आणि थर्ड, मधलं काहीच नाही, १९५६ ला थर्डचं नाव बदलून सेकंड केलं तोवर. अगदी सुरुवातीला तर थर्डला छप्पर पण नसायचं, १८४४ च्या कायद्याने रोज निदान एक गाडी तरी छपराच्या डब्यांची, मैलाला एक पेनी भाड्याने, सोडायची सक्ती केली. आमच्या डब्यातही बसायला नुसत्या फळ्या. मला आपले तेव्हाचे रेल्वेमंत्री मधू दंडवते आठवले, त्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम घातला ते तुम्ही नेहमी सांगता.

आता खरी पंचाईत ती खिडकीची. त्या कुटुंबाने कापलेली. डबा १८८० चा करायचा तर ती बुजवायलाच हवी, त्यावर कोणाचं दुमत नाही, चहाच्या वेळी मीच एकटी कुरकुरत होते. ज्यांनी तो साठ-सत्तर वर्षं पावसापासून जपला त्यांचंच नाव-निशाण आपण घासून काढतोय असं मला वाटतं. वॉलपेपरचा एक तुकडा फाइलीत लावलाय, फोटो काढलेत, पण बसणाऱ्याला काय कळणार? धुरांड्याचं भोक तर गेलंच, छपरावर नव्या फळ्या बसल्या आणि त्यावर रंगात बसवून कॅनव्हास ताणलाय. शेवटी एवढंच ठरलं की कोट अडकवायचे दोन खिळे एका कप्प्यात आहेत ते काढायचे नाहीत. ते मी मागून घेतले.

आता तुमच्याकडे काम आहे. नवीन सागवानाला रंधा मारताना एका जागी रेषा उलटी फिरते आणि ढलप्या उपटून येतात, पातं पण तासाभरात बोथट. इथे प्रत्येकजण वेगळं सांगतो. तुम्ही त्यावर काय करायचात, रंधा तिरका धरायचात की पातं अगदी बारीक काढायचात? रविवारी फोन करते तेव्हा सांगा, शनिवारी पुढचा खांब घ्यायचाय.

काकूंना नमस्कार, आणि नोकरी सोडलेली नाही हे त्यांना परत एकदा सांगा.

तुमची,
छोटी