लवकर आलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीच्या सुमारास येणारी माझी नात आषाढ लागता लागताच आली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, डोहाळजेवण होऊन जेमतेम चार दिवस झालेले. रात्री दीडच्या सुमारास तिने हाक मारली, "आई, अंगावरनं पाणी जातंय गं." तेव्हा एकतिसावा आठवडा चालू होता. १०८ ला फोन केला, तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं आणि वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली. वजन १,३८० ग्रॅम.

जावई जिलेबीचा पुडा घेऊन जिन्यात उभे होते. तो पुडा दोन दिवस तसाच पिशवीत राहिला. फोन करणारा प्रत्येक जण आधी वजन विचारायचा. कोणासारखी दिसते, हे कोणी विचारलं नाही. गल्लीतल्या एका बाईंनी तर मला धीर द्यायला म्हणून सांगितलं, "सातव्यातलं जगतं हो, आठव्यातलं जगत नाही." हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते खोटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ तयार. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जास्तच आधार असतो.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. टांगत्या काट्याला झोळी लावून किती पोरं तोलली त्याची गणती नाही. पण एवढं लहान बाळ मांडीवर कधी घेतलं नव्हतं. खांद्यांवर बारीक लव, बोटं काडीसारखी. कान तर इतके मऊ, की कूस बदलताना पाळी दुमडली तर दुमडलेलीच राहायची, बोटाने सरळ करून ठेवावी लागायची. पहिले काही दिवस पेटीत, नाकाला ऑक्सिजन. दूध नळीने, दर दोन तासांनी दोन-दोन मिलिलिटर. लेक वाटीत दूध काढून पाठवायची आणि तेवढं दूध आत गेलं की मला सांगायची, "आज उलटी नाही झाली."

पाचवीला मी घरी गेले. पाट्यावर पूजा मांडली, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि सकाळच्या पहिल्या गाडीने परत आले. बारसं बाराव्या दिवशी होणार नाही हे कळलंच होतं.

नवव्या दिवसापासून बाळाला छातीशी धरायला दिलं. कांगारू पद्धत म्हणतात ती. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे आठ तास तरी, आणि जमेल तितकं जास्त, असं धरावं. लेकीला टाके होते, सलग बसवत नव्हतं. तिथल्या सिस्टरांनी मलाही बसवलं. माझं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं दुपदरी करून त्यांनी बाळाला माझ्या छातीशी बांधलं. नुसता लंगोट आणि टोपडं, बाकी कातडीला कातडी. पंधरा मिनिटांत तिचे पाय ऊबदार झाले. इतके दिवस माझ्या हाताला ते गारच लागत होते. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

चोविसाव्या दिवशी १,७०० ग्रॅमची होऊन नात घरी आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायांवर पाणी घातलं, आणि जिलेबी तेव्हा वाटली.

पत्र लिहितेय ते इथून पुढच्या गोष्टीसाठी.

अठ्ठाविसाव्या दिवशी आमच्या गावच्या आशाताई भेटीला आल्या. वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला, मग दवाखान्याचं कार्ड वाचता वाचता विचारलं, "डोळे दाखवले का?" मी म्हटलं, डोळ्यांना काय झालंय? छान टकामका बघते की. त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. औषधांची नावं, लसींच्या तारखा आणि त्यांच्याखाली इंग्रजीत एक ओळ: आरओपी स्क्रीनिंग, म्हणजे लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. पुढे तारखेची जागा रिकामी. आम्हाला सुट्टी देताना कोणी त्या ओळीबद्दल एक शब्द बोललं नव्हतं. ज्या दवाखान्याने बाळ वाचवलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं रात्रंदिवस राबत होती. पण ती जागा रिकामी होती, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी करून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दर दहा-पंधरा मिनिटांनी डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. मग डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावला, छोट्या तारेच्या चिमट्याने पापण्या उघड्या धरल्या आणि आत बघितलं. नात जिवाच्या आकांताने रडली, लेक बाहेर जाऊन उभी राहिली. मी पाय धरून होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला जवळजवळ नऊ महिने लागतात. बाळ आधी आलं की त्या अर्ध्यावर थांबतात आणि नंतर वेड्यावाकड्या वाढू लागतात. जगवण्यासाठी जो ऑक्सिजन द्यावाच लागतो, त्यानेही यात भर पडू शकते. वाढता वाढता त्यांचा पडद्यावर ताण येतो आणि पडदा सुटला तर दृष्टी जाते, पुन्हा सहसा येत नाही. बाहेरून डोळा अगदी नितळ दिसतो. आई, आजी, अंगणवाडी सेविका, कोणालाही नुसतं बघून कळणार नाही.

आमच्या नातीच्या दोन्ही डोळ्यांत हे सुरू झालेलं होतं. दर आठवड्याला बोलावलं. तिसऱ्या तपासणीत त्यांनी सांगितलं, आता थांबायचं नाही. राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी लेझर झालं. ते वेळेवर झालं, असं डॉक्टर म्हणाले. आशाताईंनी ते कार्ड वाचलं नसतं तर आम्ही तिला थेट दीड महिन्याच्या लसीलाच बाहेर काढलं असतं. सव्वा महिना बाळाला उंबरठ्याबाहेर न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मीही ती पाळतच होते.

अठ्ठावीस वर्षांत मी शेकडो कार्डं भरली, पण हे मला माहीत नव्हतं. ते मनाला फार लागलं. म्हणून वाचकांना सांगते: बाळ चौतीस आठवड्यांच्या आत झालं असेल किंवा जन्माचं वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर त्याहून लवकर, दोन-तीन आठवड्यांतच. बाळ अजून दवाखान्यात असेल तर तिथेच तपासायला सांगा. त्यासाठी सव्वा महिना मोडावा लागला तर खुशाल मोडा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार येतो, त्यामुळे खर्चाच्या भीतीने घरी बसू नका, आशाताईंना विचारा.

आणि दवाखान्यांना, आरोग्य खात्याला विनंती, की ती ओळ मराठीत लिहा, लाल शाईने लिहा आणि तिच्यापुढे तारीख घाला. "डोळ्यांचा पडदा तपासणे, अमुक तारखेच्या आत." घरी सोडताना ती आईला आणि बरोबरच्या म्हातारीला वाचून दाखवा, कारण पुढचे दोन महिने घरात तिचंच चालतं. येत्या १७ नोव्हेंबरला मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांचा जागतिक दिवस आहे. त्या दिवशी गावोगावच्या अंगणवाडीत एवढं एक सांगितलं तरी चालेल.

नात आता साडेचार महिन्यांची होईल. परवा मी काकड्याहून आले तर पाळण्यातून माझ्या हातातल्या निरांजनाकडे बघत होती. मी निरांजन डावीकडे नेलं, तिने मान डावीकडे केली. उजवीकडे नेलं, ती उजवीकडे वळली. लेकीने चार वेळा ते माझ्याकडून करून घेतलं.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. माण, जि. सातारा