वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर अण्णांना

अण्णा, नमस्कार.

परवा सकाळी वस्तीची गाडी गावातून फाट्यावर आली आणि स्टेअरिंगवर दुसराच माणूस. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, अण्णांची बदली झाली, बैलहोंगलकडं गेले. एवढं बोलून त्यानं बेल मारली. मी गिरणीच्या दारात उभाच राहिलो. दोन वर्षं रोज सकाळी तुमचं तोंड बघत होतो, पण आभार म्हणून कधी मानले नाहीत. आता मानतोय. तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हे माहीत आहे. कुणाकडून तरी वाचून घ्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडी रोज दोन मिनिटं का थांबवत होता, असं उद्या डेपोत कुणी विचारायला नको.

आमच्या रस्त्याची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. बेळगाव-गोवा महामार्ग रुंद होताना खानापूर तालुक्यातली किती झाडं गेली ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर आमचा फाटा ते गाव हा दोन किलोमीटरचा रस्ताही रुंद झाला. आंबे गेले, करंज गेले आणि फाट्यावरचा वडही गेला. पुढच्या वटपौर्णिमेला गावातल्या बायकांनी खानापूरच्या बाजारातून वडाची फांदी विकत आणली आणि ती मातीच्या कुंडीत खोचून तिला सूत गुंडाळलं. माझी आई त्या दिवशी पूजा करून आली आणि काही न बोलता आत जाऊन बसली.

झाडं लावायला माणसं आली नाहीत असं नाही. दर जूनला येत होती. फलक, टोप्या, फोटो, वर केळी आणि चहा. खड्डेही नवे खणावे लागत नव्हते, कारण आदल्या वर्षीचे रिकामेच असायचे. एका वर्षी मेलेलं एक रोप मी उपटून बघितलं तर मुळं काळ्या पिशवीतच गुंडाळलेली. पिशवीसकट लावलेलं! पिशवी फाडायला किती वेळ लागतो हो? पण फोटोत पिशवी दिसत नाही ना. त्याआधी कुणीतरी एका बाजूला अकेशिया लावून गेलं होतं. ती जगली. जगणारच, गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि पाखरंही फारशी दिसत नाहीत.

मग २०२४ च्या जूनमध्ये आम्ही पाच-सहा जणांनी चाळीस रोपं लावली. जांभूळ, करंज, आंबा, नंदुरुक, आणि फाट्यावर एक वड. पिशव्या फाडून, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करून. पावसाळ्यात आम्हाला वाटलं, जिंकलो. इकडे पाऊस एवढा की छत्री उलटी होते. पण जमीन जांभ्याची. वरून पडलेलं खाली निघून जातं, आणि फेब्रुवारी लागला की बोटभर ओल सापडत नाही. टँकरसाठी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी अर्ज द्या म्हटलं. अर्ज दिला. त्या अर्जाला पाय फुटले असतील तर तो अजून चालत असेल.

आणि त्याच फेब्रुवारीत एका सकाळी तुमची गाडी फाट्याच्या अलीकडेच थांबली. मला वाटलं, पंक्चर. तुम्ही सीटमागून पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन काढलेत. रिकामे कसले, गावातल्या विहिरीवरून भरून आणलेले. दोन करंजांना पाणी घातलंत, हात पँटला पुसलेत आणि गाडी सुरू. दुसऱ्या दिवशी पुढची दोन. कुणाला विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत.

सुरुवातीला गाडीतल्या बायका ओरडायच्या, "अण्णा, उशीर होऊलाय की!" कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं बायकांना तिकीट नाही, गाडी खचाखच, कुणाला बाजार गाठायचा असतो, कुणाला कामावर जायचं असतं. तुम्ही मागं न बघता एवढंच म्हणायचा, "गिडक्क नीर हाकरी." म्हणजे झाडाला पाणी घाला. महिन्याभरात काय झालं ते आठवतंय ना? संध्याकाळी बेळगावहून परत येताना बाटलीत उरलेलं पाणी बायका खिडकीतून खाली देऊ लागल्या. एक आज्जी तर मुद्दाम मोठी बाटली घेऊन यायची आणि झाड तिच्या मनासारखं निवडायची. आंब्यालाच घाला म्हणायची. लोणच्याचा विचार असणार.

त्याच फेब्रुवारीत, २०२५ ची गोष्ट, मराठी-कानडी भाषेवरून सीमेच्या दोन्हीकडं पेटलं होतं. बसना काळं फासलं, महाराष्ट्र-कर्नाटक गाड्या बंद पडल्या. गावातली पोरं फोनवर तेच बघत बसली होती. त्या आठवड्यात तुम्ही येणार नाही असं मला वाटलं. तुम्ही आलात, मारुतीच्या देवळात नेहमीसारखे झोपलात आणि सकाळी दोन कॅन पाणी घातलंत. त्या दिवशी मी तुम्हाला चहा दिला, तेवढंच. बोलायला काही सुचलं नाही.

चहा पिताना तुम्हीच कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्कांची गोष्ट सांगितली होती. हुलिकल-कुदूर रस्त्यावर नवरा-बायकोनं घागरीनं पाणी वाहून वड वाढवले, एकूण ३८५. सालुमरद म्हणजे झाडांची रांग, हे मला तेव्हा कळलं. २०१९ ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांच्या वडांवरही रस्तारुंदीकरण आलं, तेव्हा तिम्मक्का सरकारकडे दाद मागायला गेल्या. तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडं घागर होती, माझ्याकडं गाडी आहे." हसलात आणि बशी उपडी ठेवलीत.

पण हे पत्र लिहायला बसलो ते पाण्यासाठी नव्हे, बुटाच्या लेसीसाठी.

मे महिना होता. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येऊन गेला होता. मी गिरणीचा पट्टा आणायला बेळगावला निघालो होतो, तुमच्या मागच्याच सीटवर. दुसऱ्या वळणावर तुम्ही गाडी थांबवलीत. जांभळाचं रोप आडवं झालं होतं, काठी एकीकडे, रोप एकीकडे. मी खाली उतरलो. सुतळी माझ्याकडे नव्हती. गिरणीत पोत्यांवर ढीगभर सुतळी, आणि इथं वीतभर नाही. तुम्ही गाडीच्या पायरीवर बसलात, डाव्या बुटाची लेस ओढून काढलीत, रोप हलकेच उभं केलंत आणि काठी नि रोप यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखा फेरा घालून सैल गाठ मारलीत. सैल का, विचारलं तर म्हणालात, वाऱ्यात हलू दे, नाहीतर खोड जाड होत नाही. मी म्हटलं, अण्णा, बूट निघेल की चालवताना. तुम्ही म्हणालात, "उजव्याला ब्रेक आहे, तो घट्ट पाहिजे. डाव्याचं चालतंय."

आणि बेळगावपर्यंत तसेच गेलात. पिरनवाडीला गर्दीत क्लच दाबताना बूट टाचेतून निघत होता, मी मागून बघत होतो. ज्यांनी पिशवीसकट झाडं लावली त्यांच्या पायात तुमच्यापेक्षा महाग बूट होते, एवढंच मला सारखं आठवत होतं.

चांगली माणसं कमी झालीत असं म्हणायची आमच्या फाट्यावर सवय आहे. रोज संध्याकाळी गिरणीच्या कट्ट्यावर तेच चालतं. मला वाटतं ती कमी नाहीत, कामाच्या घाईत असतात. पहाटे सहाला निघून जातात, कट्ट्यावर बसलेल्यांना दिसणार कशी?

चाळीसातली एकतीस जगली आहेत. जांभूळ माझ्यापेक्षा उंच झालंय. लेस मात्र मी या पावसाळ्याआधी सोडली, सालीत रुतायला लागली होती. रागावू नका. त्या जागी जुन्या धोतराची पट्टी बांधली आहे. लेस धुऊन गिरणीतल्या देवाच्या फळीवर ठेवली आहे. बायको म्हणते बुटाची वस्तू तिथं ठेवू नये, पण काढतही नाही.

नव्या ड्रायव्हरना अजून काही सांगितलेलं नाही. काल आज्जीनं मात्र त्यांना खिडकीतून बाटली दाखवली. ते थांबले नाहीत, पण गाडी हळू केली.

तुमचा एक कॅन माझ्याकडे राहिलाय. इकडे आलात तर घेऊन जा. सोमवारी लाईट नसते, गिरण बंद असते, तेवढा वार सोडून या.

तुमचा,
फाट्यावरचा गिरणीवाला