गोलूचा कोरोना अन् परीचा खोकला

पव्या लेका,

तुझा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो, आता पोट्टा झोपलाय तर सगळं लिहूनच टाकतो. परी अजून दीड वर्षाची, खोकला आहे अन् मेडिकलवाल्याने सिरप दिलं, पाजू का म्हणून विचारतोस. नको पाजू बे. 2025 च्या ऑक्टोबरातली छिंदवाड्याची लेकरं विसरला का, तुझ्या सावनेरच्याच रोडनं नागपूरला आणून राहिले होते, किडन्या गेलेल्या, त्यांना पाजलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. अन् सिरप चांगलं असलं तरी दोन वर्षांच्या आतल्या लेकराला ते द्यायचंच नसतं.

आता आमच्या गोलूचं ऐक. दिवसभर साधी सर्दी, नाक गळून राहिलं होतं, खेळून राहिला होता. रात्री दीडला खोकला सुरू झाला तो असा की मला वाटलं खाली गल्लीत कुत्रं भुंकून राहिलं. श्वास आत घेताना कर्कश आवाज, गळ्याखाली खड्डा पडे. आई म्हणे संत्रं चारलं म्हणून झालं (तिच्या मते सगळं संत्र्यानंच होते). शालीत गुंडाळला अन् मानेवाड्यावरून स्कूटीनं धंतोलीच्या दवाखान्यात, जानेवारीची थंडी, बायको मागे रडून राहिली. अन् गंमत पाय, पोचेपर्यंत आवाज अर्धा झालता! डॉक्टर म्हणे थंड हवेनं कधीकधी घशातली सूज जरा उतरते. याला क्रूप म्हणतात, लहान लेकराची श्वासनळी आधीच बारीक, थोडी सुजली तरी रस्ता बंद व्हायला लागते. डेक्सामेथासोनचा, म्हणजे सूज उतरवायच्या औषधाचा, एक डोस तोंडानं पाजला, दोन-तीन तास बसवून ठेवलं, मग घरी सोडलं.

पण तिथंच नाकातला स्वॅबही घेतला होता. रिपोर्ट आला, कोरोनाव्हायरस एनएल63. झालं! आईनं देवापुढे दिवा लावला, शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. डॉक्टरला फोन केला तर तो हसला. म्हणे हा 2019 वाला नाही. माणसात फिरणारे साधे कोरोना चार आहेत, 229ई, ओसी43, एनएल63 अन् एचकेयू1, त्यातले दोन तर 1960 च्या दशकापासून माहीत आहेत. एनएल63 चा शोध 2004 मध्ये लागला, नेदरलँड्समधल्या सात महिन्यांच्या बाळाच्या नाकातून. तुला-मला लहानपणी होऊन गेला असंल, घरच्यांनी सर्दी म्हणून विक्स चोळलं असंल. मग टेस्ट कशाला केली बाप्पा? औषध तेच राहणार होतं, हजारो रुपये मात्र गेले. त्याचा राग अजून आहे मला.

तू टेस्टच्या मागे नको लागू, श्वास मोज. परी झोपली की फ्रॉक वर कर, पोट वर-खाली होते ते मोबाईलवर पूर्ण एक मिनिट मोज, रडताना नाही. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा चाळीस किंवा वर गेला तर दाखवायला ने. (तुझ्या ताईचं बाळ पाच महिन्यांचं आहे ना, त्याच्यासाठी हद्द पन्नासची, तेवढा किंवा वर गेला तर त्याला लवकरच दाखव.) फासळ्याखाली खड्डे पडत असले, ओठ निळसर दिसले, दूध-पाणी घेत नसली तर रात्रीच गाडी काढ, सकाळची वाट नको पाहू. आईची ओव्याची पुरचुंडी चालते, बाळाजवळ गरम वाफेचं भांडं मात्र नको, पोट्टे भाजतात.

गोलूचा काल छत्तीस होता, तीनदा मोजला, दोनदा मधातच उठून बसला. परीचा आकडा रात्रीच पाठव, मी जागाच आहे.

तुझाच,
बाल्या