चाचणी संपल्यावर रुग्णाचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

किडनी आणि कोलेस्टेरॉलच्या नव्या औषधांच्या चाचण्यांवर काल आपण अर्धे पान लेख छापलात. गरीब रुग्णाला फसवून कंपन्या त्याच्यावर औषधे आजमावतात, असा त्याचा एकंदर सूर. असे प्रकार झालेच नाहीत असे मी म्हणणार नाही. ते झाले म्हणूनच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे औषध चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आले. पण त्या नियमांचा लेखात साधा उल्लेख नाही, आणि ज्यांच्या घरचे माणूस चाचणीत होते अशा एकाशी तरी लेखक बोलले असतील असे वाटत नाही. आमच्याकडे आले असते तर मी सगळे सांगितले असते.

आमचे यजमान मधुमेहामुळे होणाऱ्या किडनीविकाराच्या एका चाचणीत होते. हॉस्पिटलचे नाव लिहीत नाही, त्यांचे उपचार अजून तिथेच चालू आहेत. आम्हाला कोणी फसवले नाही. माहितीपत्रक मराठीत होते. डॉक्टरांनी बसवून समजावले, घरी नेऊन मुलांना दाखवा, घाई नाही, म्हणाले. सहीच्या कागदावर वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव विचारलेले पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हा कोऑर्डिनेटर मुलीने शांतपणे सांगितले की चाचणीमुळे काही बरेवाईट झाले तर भरपाई कोणाला द्यायची हे नियमानेच आधी लिहून घ्यावे लागते. काहींना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी मिळेल, कोणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसेल, हेही आधीच सांगितले. बीपीच्या आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या. किडनी बिघडली की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतले प्रथिन इतक्या नियमाने त्याआधी कधी तपासले गेले नव्हते.

माझा राग आहे तो त्यानंतरचा. एका व्हिजिटला सांगितले, स्टडी संपली, उरलेल्या गोळ्या जमा करा. आम्ही केल्या. मग कोणी काही कळवायचे नावच नाही. यांना औषध मिळत होते की नुसती गोळी? निकाल काय लागला? यांचे क्रिएटिनिन त्या काळात जागचे हलले नाही ते कशामुळे? चाचणी चालू असताना तपासणीला एक दिवस उशीर झाला तरी फोन यायचा. आता आम्ही फोन केला की उत्तर एकच, कंपनीकडून आले की कळवू. ती मुलगी नोकरी सोडून गेली. डॉक्टर भले आहेत, पण कोणाला औषध आणि कोणाला नुसती गोळी हे सांगणारा कोड आपल्यापर्यंत आलाच नाही, असे तेही सांगतात. सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत मुलाने पाहिले, तर तिथे चाचणी पूर्ण झाली एवढेच लिहिलेले.

हे एसटीत कंडक्टर होते. रात्री शेवटच्या तिकिटापर्यंतचा हिशेब डेपोत दिल्याशिवाय त्यांची ड्युटी संपायची नाही. त्यांनी आपले रक्त, लघवी आणि इतका काळ दिला, त्याचा हिशेब त्यांना कोणीच देत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली आहे. मलाही लागली आहे. आणि हा केवळ मानाचा प्रश्न नाही. पुढे कोणते औषध द्यायचे हे ठरवताना डॉक्टरांना ती माहिती लागतेच. ज्याच्यावर संशोधन झाले त्याला त्याचा निष्कर्ष जाणून घेण्याची सोय असावी, असे माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या, जगभरच्या डॉक्टरांच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे.

त्याहून मोठी गोष्ट २०१९ च्या नियमांतल्या २७ व्या नियमाची. चाचणीनंतर रुग्णाला तेच औषध कंपनीने फुकट द्यावे अशी तरतूद त्यात आहे. डॉक्टरांची शिफारस हवी, रुग्णाच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, हे ठीक आहे. पण त्या आजारावर दुसरा उपाय उपलब्ध नसेल तरच, अशी अट आहे. किडनी काय किंवा कोलेस्टेरॉल काय, कोणती ना कोणती गोळी बाजारात असतेच. म्हणजे ज्या औषधाने फायदा झाला ते बंद, आणि परवडेल तेव्हा दुकानातून घ्या. लेखकांनी यावर लिहायला हवे होते.

त्याऐवजी त्यांनी चाचणी या गोष्टीचीच भीती घातली. माझा मुलगा फार्मासिस्ट आहे, त्याच्याकडून मी समजून घेतले आहे. डापाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची गोळी. ती किडनीही सांभाळते हे पक्के झाले २०२० मध्ये, ४,३०४ रुग्णांच्या चाचणीतून. भारतासह २१ देशांतले रुग्ण त्यात होते आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली. त्याच वर्षी तिचे पेटंट संपले आणि देशी कंपन्यांनी ती स्वस्तात आणली. आज ती आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळते. डायलिसिसवर गेलेल्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू करून फारसे हाती लागत नाही, हेसुद्धा २००५ आणि २००९ च्या चाचण्यांमुळेच कळले. त्याआधी सगळे धरूनच चालले होते की फायदा होणार. त्या रुग्णांनी भिऊन नकार दिला असता तर आज आपण अंदाजानेच गोळ्या गिळत असतो. कालचा लेख वाचून कोणी चालू चाचणी मध्येच सोडली तर त्याची जबाबदारी कोणाची?

आणि संपादक महोदय, त्याच अंकात आतल्या पानावर एका चूर्णाची जाहिरात आहे. डायलिसिसपासून कायमची सुटका, मधुमेह मुळापासून बरा, असा त्यात दावा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे चूर्ण किती रुग्णांवर तपासले, कोणत्या एथिक्स कमिटीने पाहिले, त्यात शिसे-पारा नाही ना, हे आपल्या जाहिरात विभागाने विचारले का? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असल्याच चूर्णापायी डायलिसिस चुकवले आणि त्यांना श्वास लागून रात्री दवाखान्यात न्यावे लागले. अर्धे पान चाचण्यांच्या विरोधात आणि पाव पान न तपासलेल्या औषधाला, हे आपल्या वृत्तपत्राला शोभत नाही.

ती जाहिरात पुन्हा छापू नये आणि २७ व्या नियमातली अट बदलावी यासाठी आपण लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेखकांना पुन्हा लिहायचे असेल तर त्यांनी जरूर आमच्याकडे यावे. सहीच्या कागदाची प्रत आणि सगळे रिपोर्ट मी तारखेनुसार फायलीत लावून ठेवले आहेत.

माझे नाव कृपया छापू नये.

आपली,
एक नियमित वाचक, कराड