खाजनातला काळा चिखल

महोदय,

गोव्यात मांडवी-झुआरीकाठी खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीत, भराव घालून बांधकाम करणाऱ्यांनी आधी तिथला चिखल हुंगून पाहावा. काळा आणि कुबट वासाचा असेल, तर त्यात बहुधा खारफुटीची कुजलेली मुळे-पाने आहेत. हा सेंद्रिय अंश स्पंजासारखे पाणी धरतो, म्हणून भार पडला की ही माती साध्या चिकणमातीपेक्षा जास्त दबते. वाईट म्हणजे, दाबाखालचे पाणी निघून गेल्यावरही ती थांबत नाही. वर्षानुवर्षे इंच-इंच खचतच राहते. पाणी बाहेर काढायला जमिनीत खोल घातलेल्या उभ्या निचरा-पट्ट्यांनी पाणी निघण्याचा पहिला टप्पा लवकर उरकतो, नंतरच्या संथ खचण्याचा दुसरा नाही. त्यासाठी बांधकामाआधी जादा भराव पुरेसा काळ ठेवावा लागतो, आणि तेवढा धीर कुणाला असतो?

आमच्या कुंपणाच्या भिंतीची भेग दर पावसाळ्यानंतर रुंदावते. कंत्राटदाराने मातीची एकही चाचणी केली नव्हती.

भारतीय मानक 2720 च्या 22व्या भागात सेंद्रिय अंश मोजण्याची पद्धत दिलेली आहे. ओव्हनमध्ये वाळवल्यावर मातीची द्रवसीमा (ज्या पाण्याच्या प्रमाणाला ती वाहू लागते ते) मूळच्या तीन-चतुर्थांशाखाली उतरली, तरी ती सेंद्रिय समजतात. खाजनालगत परवाना देताना पंचायतींनी या चाचण्यांचा अहवाल मागितलाच पाहिजे.

– एक वाचक, दिवाडी